पुढे घेतलेला शेवट

कादंबरीच्या पहिल्याच पानावर माधवनं नीरजेचा हात धरला, आणि चंद्राबाईंच्या हातातली केसरीभाताची परात खाली पडली. परात पितळेची. तो आवाज बसवनगुडीतून निघाला, लालबागेच्या खडकावर आपटला आणि परत आला, असं लोक अजून सांगतात. लोक म्हणजे मुख्यतः मीच.

आमच्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये कुणी श्वास घेत नव्हतं. कोण हा माधव? कुणाचा मुलगा? ही नीरजा लग्नाची आहे की लग्न झालेली? कशाचा पत्ता नाही, आणि हात! पुस्तक मोठ्यानं वाचणारे आमचे अध्यक्ष जयतीर्थराव चष्मा कपाळावर सरकवून त्या पानाकडे बघत राहिले. पानानं त्यांना चिमटा काढला होता म्हणा ना. आणि ज्यानं हे लिहिलं तो हयवदन मागच्या भिंतीला पाठ लावून उभा होता. भिंतीला चुना होता, त्याच्या तोंडालाही चुनाच. भिंत कुठं संपते आणि हयवदन कुठं सुरू होतो ते मला चष्मा असून दिसेना.

हे मी तुम्हांला आधीच सांगून टाकलं. आता मागं जातो.

सत्तावन्न-अठ्ठावन्नचा सुमार. आमच्यासारखीच हयवदनची मंडळी शहाजीराजांच्या काळात इकडं कन्नड मुलखात आलेली. तेव्हापासून घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर कन्नड, आणि उंबऱ्यावर दोन्हींची खिचडी. दिवसा तो एका कचेरीत खर्डेघाशी करायचा आणि संध्याकाळी मंडळाचं वाचनालय सांभाळायचा. वाचनालय म्हणजे दोन कपाटं, एक बाक आणि मी. मुलगा हुशार. माझ्याशी तासन्‌तास बोलायचा. पण शालनबाई दारात दिसल्या की त्याच्या तोंडून दोनच शब्द निघायचे, "इथं सही." एकदा तर घाबरून तेही उलटे आले, "सही इथं."

शालनबाई मूळच्या बेळगावच्या. इथं मुलींच्या शाळेत शिकवायच्या, चामराजपेटेत एका बाईंकडं खोली घेऊन राहायच्या. त्यांची एक सवय सगळ्या मंडळाला ठाऊक होती. कपाटातून कादंबरी काढली की उभ्या उभ्या शेवटचं पान उघडायचं. शेवट पसंत पडला नाही तर पुस्तक परत. "दुसरं द्या."

मी एकदा विचारलं, "बाई, हे उलटं का?"

"शेवटी रडायचंच असेल तर एवढा प्रवास कशाला करायचा, अण्णा?"

"आणि शेवट चांगला असला तर? मग घरी नेऊन पहिल्यापासून वाचता?"

"छे! चांगला आहे हे कळलं ना? मग उशाशी ठेवते. झोप छान लागते."

बाकीच्या सभासदांची तऱ्हा बरोबर उलटी. जयतीर्थराव प्रस्तावनेतच घोरायला लागत. चंद्राबाई नायिकेचं लग्न ठरेपर्यंत वाचत आणि मग पुस्तक मिटून म्हणत, "आता तिचं ती बघून घेईल." त्यामुळं आमच्या कपाटातल्या एकूण एक कादंबऱ्यांची पहिली पानं तेलकट आणि शेवटची पानं कोरी करकरीत. त्या शेवटच्या पानांवर कुणाच्या बोटाचा डाग असेल तर तो शालनबाईंचा.

भाद्रपदातल्या एका संध्याकाळी त्या आल्या, पुस्तक परत केलं, आणि हयवदनकडं न बघता कपाटाकडं बघत म्हणाल्या, "दसऱ्याला आमचे दादा येणार आहेत. हुबळीचं स्थळ आणलंय. कापसाचे व्यापारी आहेत. हो की नाही ते तेव्हा सांगायचं." मग त्यांनी हयवदनकडं बघितलं. चांगलं बघितलं. कपाटालासुद्धा कळलं असतं.

हयवदन म्हणाला, "इथं सही."

त्या गेल्यावर मी त्याला धरला. "अरे दगडा! तिनं विचारलं तुला!"

"मला बोलता येत नाही, अण्णा."

"मग चिठ्ठी लिही."

"चिठ्ठी भलत्याच्या हाती पडली तर? त्यांची शाळेतली नोकरी आहे. बाईमाणसाचं नाव एकदा चार तोंडांत गेलं की परत येत नाही." तो बाकावर बसला आणि बराच वेळ त्या कोऱ्या शेवटच्या पानांकडं बघत राहिला. मग म्हणाला, "कादंबरी लिहितो. शेवटच्या पानावर विचारतो. तिथं त्यांच्याशिवाय कुणी फिरकतच नाही."

मी आयुष्यात पुष्कळ थापा मारल्या, पण एवढी मोठी माझ्याही डोक्यात आली नव्हती. एक प्रश्न विचारायला दोनशे पानं! आणि तो दुसऱ्या दिवसापासून लिहायला लागला.

लिहिलेलं रोज वाचून दाखवायचा. माधव नावाचा मुलगा, नीरजा नावाची मुलगी, हलसूरचा तलाव, आणि हुबळीचं एक स्थळ. सुरुवात माधवच्या आजोबांच्या मुंजीपासून.

"अरे, मुंज कशाला? पहिल्याच पानावर हात धरू दे त्याला! लोक ताडकन उठून बसतील."

"उठून बसतील आणि निघून जातील. अण्णा, हात तोच. पण दोनशे पानं तुम्ही त्या दोघांबरोबर राहिलात, त्यांच्या घरची कॉफी प्यायलात, मग त्यानं हात धरला तर तुम्ही अक्षता शोधायला लागाल. पहिल्या पानावर धरला तर तुम्ही पोलीस बोलवाल."

मी हसलो. तेव्हा मला ते पुस्तकी वाटलं. पुढं चंद्राबाईंची परात पडली तेव्हा आठवलं.

छापखाना अवेन्यू रोडला. मालकाकडं कन्नड खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, ढीगभर, पण देवनागरी होते ते पंचांग आणि संस्कृत पोथ्या छापायचे. आता संस्कृतला ळ लागतो कितीसा? पेटीत ळ निघाले मूठभर. पहिलं प्रकरण जुळवतानाच संपले. मालक म्हणाला, "कन्नड ळ घालू या की! कोण बघतंय?" हयवदन नको म्हणाला. मग काय केलं पठ्ठ्यानं? कादंबरीच बदलली. नीरजा पहिल्यांदा सकाळी केळं खायची, ती आता पहाटे पेरू खायला लागली. काळीसावळी माणसं एका रात्रीत गोरी झाली. कुणी पळेना, सगळे धावायला लागले. हुबळी आणि स्थळ तेवढे राहिले, त्यांना दुसरा शब्दच सापडेना. नीरजेच्या डोळ्यांचे झाले नयन. दोनशे पानं नुसते नयन!

"अरे, हे डोळे कुठं गेले?"

"शेवटच्या फर्म्यासाठी ठेवलेत, अण्णा. तिथं मला डोळेच म्हणायचंय. नयन म्हणून कुणी कुणाला मागणी घालतं का?"

फर्मा म्हणजे छापखान्यातला एक मोठा कागद. दोन्हीकडून छापायचा, घड्या घालायच्या, की त्याची सोळा पानं होतात. असे फर्मे एकावर एक रचून शिवले की पुस्तक. वाक्य कुठं तुटतंय ते फर्मा बघत नाही. त्याची सोळा पानं भरली की तो संपला, तुमचं वाक्य अर्धं असो की पाव. हयवदननं उरलेले ळ सगळे शेवटच्या फर्म्यासाठी राखले, आणि तिथं ते इतके लागले की पुरवत बसावं लागलं, त्यामुळं तो छापायला सगळ्यांत उशीर झाला. दसरा तोंडावर आला. आम्ही दोघं तो ओला फर्मा पाटावर पसरून, लग्नातल्या रुखवतासारखा धरून शिवाजीनगरला परसूकडं गेलो.

परसू बांधणीवाला. घराणंच बांधणीचं, आमच्याइतकंच जुनं. दुकान बाजाराच्या तोंडाशी. एका बाजूला कल्हईवाला, दुसऱ्या बाजूला बसवाल्यांचा ओरडा, समोर बकऱ्या. बाकीचे फर्मे घड्या घालून त्याच्यापुढं रचलेलेच होते.

"परसू," हयवदन ओरडून म्हणाला, "हा शेवटचा. शाई अजून ओली आहे. हा पुढे घ्या."

"पुढे?"

"हो, पुढे घ्या."

"सरी, हयवदनअण्णा," परसू मान डोलावून म्हणाला, आणि आम्ही कॉफी प्यायला गेलो. कॉफी चांगली होती. बाकी त्या दिवशी सगळं बिघडलं होतं, ते आम्हांला दसऱ्याला कळलं.

दसऱ्याला संध्याकाळी मंडळात समारंभ. हॉल भरलेला. पहिल्या रांगेत शालनबाई आणि त्यांच्या शेजारी बेळगावहून आलेले दादा, विश्वासराव. मिशा अशा, की त्यांच्यावर दोन पोपट बसून भांडले असते. शेवटच्या रांगेत, चपलांजवळ, नवा सदरा घालून परसू. आपल्याला नारळ मिळणार म्हणून तो आला होता. पुस्तकं सकाळीच थेट परसूच्या दुकानातून रंगीत कागदात बांधून आली होती. हयवदननंही उघडून बघितली नव्हती. त्याचा बेत साधा. जयतीर्थराव पहिल्या पानावरची मुंज वाचतील, लोक जांभया देतील, केसरीभात खातील, आणि शालनबाई घरी जाता जाता शेवटचं पान उघडतील.

जयतीर्थरावांनी कागद सोडला, पहिलं पान उघडलं आणि मोठ्या आवाजात वाचायला लागले:

"'नाही म्हणून कळवते,' नीरजा म्हणाली. 'मला माधवशिवाय कुणी नको.'"

ते थांबले. पान उलटून मागं बघितलं. मागं पुठ्ठा. "याच्या आधी काही नाही," ते म्हणाले, आणि वाचायचा ओघ होता म्हणून तसेच पुढं गेले. "'पण हुबळीच्या त्या माणसाला केवढं लागेल!' माधव म्हणाला. 'लागू दे,' नीरजा म्हणाली. 'कापसाचा व्यापारी आहे. मऊ पडेल.' माधवनं तिच्या डोळ्यांत बघितलं आणि तिचा हात धरला."

परात पडली ती इथं.

"अगं बाई!" चंद्राबाई म्हणाल्या. "ओळख ना पाळख! मुलीचे आईवडील कुठं आहेत?"

"बहुधा पुढच्या पानावर येतील," जयतीर्थराव म्हणाले. पण त्यांचाच त्यावर विश्वास नव्हता.

मी हयवदनकडं बघितलं. त्याला कळलं होतं. जे एकाच माणसानं एकटीनं वाचायचं होतं, ते शंभर माणसांच्या कानांत ओतलं गेलं होतं. तरी अजून काही बिघडलं नव्हतं. नीरजा ही नीरजा होती, माधव माधव. हुबळीत कापसाचे व्यापारी पन्नास. कुणाला काय कळणार होतं?

तेवढ्यात विश्वासराव उठले.

"हुबळीचं स्थळ?" ते गरजले. "कापसाचा व्यापारी? शालू, ही आपल्या घरातली गोष्ट या पुस्तकात कशी?"

झालं! सगळा हॉल एकदम शालनबाईंकडं वळला. मानांचा कडकड आवाज आला. शपथेवर सांगतो, दोघांच्या माना तर नंतर आठवडाभर तशाच राहिल्या. कुठलीतरी मुलगी म्हणाली, "म्हणजे नीरजा म्हणजे आपल्या बाई?" कुणीतरी तिला चूप केलं, पण शब्द सुटला तो सुटलाच. चार तोंडांत नाव गेलं होतं. हयवदनला ज्याची भीती होती ते त्याच्याच पुस्तकानं केलं होतं.

शालनबाई उभ्या राहिल्या. चेहरा पांढरा, पण आवाज वर्गातला. "अध्यक्ष, ते पुस्तक स्वल्प इकडं द्या."

जयतीर्थरावांनी निखारा द्यावा तसं दिलं. बाईंनी घेतलं, उलटं केलं आणि सवयीनं शेवटचं पान उघडलं.

हयवदननं डोळे मिटले.

"मोठ्यानं वाच," विश्वासराव म्हणाले. "इथं काही लपवायचं नाही."

शालनबाई वाचायला लागल्या. "'तलावात माधवचा कोट सापडला. माधव बुडाला, असं पोलीस म्हणाले. नीरजेनं पदर सावरला आणि ती चक्क हसली. "बरं झालं," ती म्हणाली. "आता मी हुबळीच्या स्थळाला'"

आणि त्या थांबल्या.

"बुडाला?" चंद्राबाई किंचाळल्या. "अहो, आत्ता तर हात धरला होता!"

"आणि ही हसली?" दुसऱ्या कुणीतरी म्हटलं.

विश्वासराव मात्र खाली बसले. मिशांवरून हात फिरवला. "उत्तम शेवट आहे. मुलगी शहाणी निघाली. मी उगाच रागावलो."

शालनबाईंनी पुस्तकातून मान वर काढली आणि सरळ मागच्या भिंतीकडं बघितलं. आवाज वर्गातला राहिला नव्हता. "तुम्ही बुडवलंत त्याला? आणि तिला हसवलंत?"

हयवदननं तोंड उघडलं. मला वाटलं, आता हा 'इथं सही' म्हणणार आणि आपण याला खांद्यावर टाकून न्यायचं. पण काय झालं कुणास ठाऊक, माणूस फुटला. "नाही बुडवला! वासराला वाचवताना कोट तेवढा वाहून गेला! माधव आधीच्या पानावर मल्लेश्वरमला मावशीकडं डोसे खातोय, आणि नीरजेला ते ठाऊक आहे, म्हणून ती हसते! मागचं पान वाचा!"

बाईंनी एक पान मागं उलटलं. वाचलं. श्वास सोडला. "हो. खातोय." सगळ्या हॉलनंच श्वास सोडला. एक पान आधी वाचलं तर नीरजा प्रेमळ, न वाचलं तर राक्षसीण. मी तेव्हापासून कुणाबद्दलचं नुसतं शेवटचं पान ऐकून मत बनवत नाही. म्हणजे बनवतो, पण लगेच सांगत नाही.

"पण हे वाक्य तुटलंय," शालनबाई म्हणाल्या. आता त्या खरोखर चक्रावल्या होत्या. जन्मात त्यांनी शेवटाखेरीज काही वाचलं नव्हतं, आणि या पुस्तकाला शेवटच नव्हता. "हुबळीच्या स्थळाला काय? पुस्तक तर संपलं."

"पुढे आहे, अक्का," चपलांजवळून आवाज आला. परसू उभा राहिला होता. "उरलेलं पुढे आहे."

"पुढे कुठं? हा पुठ्ठा आला!"

"पुढे म्हणजे मुंदे, अक्का. पहिल्या पानावर. हयवदनअण्णांनीच सांगितलं, शेवटचा फर्मा पुढे घ्या. मी घेतला."

हयवदन भिंत सोडून तीरासारखा त्याच्याकडं गेला. "परसू! पुढे घ्या म्हणजे नंतर घ्या! शाई वाळल्यावर!"

"नंतर कसं? पुढचं दार म्हणजे काय नंतरचं दार? देवळात पुढे बसलेला माणूस काय नंतर बसलेला असतो?"

"आणि पुढच्या वर्षी म्हणजे मग गेल्या वर्षी का?"

"ते वर्षाचं, अण्णा. पुस्तक काय वर्ष आहे?"

"मुळात 'पुढे' हे अव्यय..." जयतीर्थरावांनी सुरुवात केली.

"तुम्ही बसा हो!" चंद्राबाई म्हणाल्या. "माझा केसरीभात गेला, आता अव्यय कसलं!"

या गोंधळात एक गोष्ट फक्त माझ्या ध्यानात आली. हयवदन शालनबाईंच्या देखत, भरल्या हॉलमध्ये उभा राहून, सलग बोलत होता. शाई, फर्मा, दार, वर्ष, सगळं. आणि शालनबाई परसूकडं बघत नव्हत्या.

"थांबा," त्या म्हणाल्या. सगळे थांबले. एका हातानं त्यांनी शेवटचं पान धरलं, दुसऱ्या हातानं पहिलं उघडलं, आणि दोन टोकं जुळवून वाचली. "'आता मी हुबळीच्या स्थळाला... नाही म्हणून कळवते.'"

विश्वासराव पुन्हा उठले. "काय?"

"दादा, जरा बसा. मला वाचू दे."

आणि आमच्या मंडळात पूर्वी कधी न घडलेली गोष्ट घडली. शालनबाई कादंबरी पहिल्या पानापासून वाचायला लागल्या. मनात, उभ्यानं. शंभर माणसं त्यांच्याकडं बघत गप्प. एवढा अख्खा फर्मा वाचून होईपर्यंत चंद्राबाईंनी केसरीभात गोळा करून परात पुसून ठेवली, जयतीर्थरावांचा एक डुलका झाला, विश्वासरावांच्या मिशांचं एक टोक खाली आलं. मला त्या सोळा पानांत काय आहे ते माहीत होतं. नयन नव्हते. हयवदननं महिनाभर साठवलेले सगळे ळ तिथं होते. वेळ, काळजी, ओढाळ, जवळ, आणि ओळीओळीला डोळे. आणि अगदी शेवटी माधव नीरजेला विचारतो, 'मग? पुढे?' त्याखाली उत्तर नव्हतं. निम्मं पान कोरं सोडलं होतं.

त्या तिथं पोहोचल्या. मी सांगतो ना, त्यांच्या कानांच्या पाळ्यांवरून कळलं. पान उलटलं, तर समोर पुस्तकाचं नाव आणि माधवच्या आजोबांची मुंज. त्या परत मागं आल्या, कोऱ्या अर्ध्या पानावर.

मग पुस्तकात बोट ठेवून त्या दादांकडं वळल्या आणि स्पष्ट म्हणाल्या, "दादा, हुबळीचं तेवढं पुढे घ्या."

हॉल थिजला. पुढे! आत्ता ज्या शब्दावरून दोन माणसं एकमेकांच्या अंगावर गेली, तोच शब्द! पुढे म्हणजे कुठलं पुढे? विश्वासरावांची मिशी परत वर गेली. "पुढे? म्हणजे दिवाळीच्या आतच उरकायचं म्हणतेस? वा!" हयवदन मागच्या मागं कलंडला. मी त्याचा सदरा मागून धरून ठेवला, नाहीतर तो चपलांमध्ये सापडला असता.

एकट्या परसूला विचारायचं सुचलं. त्यानं हात जोडले. "अक्का, आधी नीट सांगा. माझी एकदा चूक झालीय. कुठलं पुढे? माझं की हयवदनअण्णांचं?"

शालनबाई हसल्या. "अण्णांचं."

"म्हणजे नंतरचं?"

"अगदी नंतरचं. पुढच्या जन्माच्याही नंतरचं."

विश्वासराव बसले ते खुर्चीच्या शेजारी. खुर्ची मोकळीच राहिली. त्यांना कुणी उचललंसुद्धा नाही, कारण तोवर शालनबाई रांगांमधून चपलांपर्यंत येऊन हयवदनसमोर उभ्या होत्या. त्यांनी पुस्तक उघडून ते कोरं अर्धं पान त्याच्यापुढं धरलं.

"इथं उत्तर लिहायचं राहिलंय तुमचं."

"ते... ते माझं नव्हे," हयवदन म्हणाला. "ते वाचणाऱ्यानं..."

"बरं. मग काय करू?"

त्यानं माझ्याकडं बघितलं. मी छताकडं बघितलं. मग त्यानं खिशातलं पेन काढलं, बोट त्या 'पुढे?'च्या खाली टेकवलं, आणि वाचनालयाच्या टेबलामागं बसून इतके दिवस जे म्हणत आला तेच म्हणाला.

"इथं सही."

त्यांनी केली. पूर्ण नाव लिहिलं, वेलांटीसकट, आणि पेन परत देताना त्याचा हात जरा वेळ हातात राहिला. सगळ्यांनी चंद्राबाईंकडं बघितलं. परात त्यांच्या मांडीवर होती. त्यांनी ती घट्ट धरली, थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "असू दे. आता ओळख झाली."

विश्वासरावांचं म्हणाल तर ते दुसऱ्याच दिवशी तणतणत बेळगावच्या गाडीत बसले. वाटेत हुबळीला उतरून नकार कळवायचा म्हणून आणखीच तणतणत. वेळ जावा म्हणून कादंबरी उघडली. शेवटच्या पानावर वाक्य तुटलं, म्हणून पहिल्या पानावर आले. तिथून मुंज, मुंजीवरून तलाव, तलावावरून डोसे, डोशांवरून परत तुटलेलं वाक्य. पुस्तकाला बाहेर पडायला दारच नाही! गरगर फिरत राहिले. हुबळी कधी मागं गेली कळलंच नाही. बेळगावला लोकांनी उतरवून घेतलं तेव्हा ते म्हणत होते, "त्या पोराला वासरू वाचवल्याबद्दल कुणी काही दिलं की नाही?" नकार पोचवायला त्यांना पुन्हा हुबळी गाठावी लागली. तिथून तसेच इकडं आले, ते शालन-हयवदनच्या लग्नाची तिथी ठरवूनच.

हयवदननं उरलेल्या प्रती परसूकडून उसवून, मुंज पुढे आणि प्रश्न मागे अशा नीट बांधून घेतल्या. त्या दोन कपाटांत अजून असतील. पहिली पानं तेलकट, शेवटची कोरी. एकट्या शालनबाईंनी आपली प्रत उसवू दिली नाही. परसूच्या चुकीच्या बांधणीची दुसरी एक प्रत माझ्याकडं आहे. खोटं वाटत असेल तर या आणि बघा. वाळवी लागली आहे थोडी. पण वाळवी मोठी रसिक. बाकी पुस्तक तसंच आहे, तिनं फक्त सगळे ळ खाल्लेत.